लाकडातला बोल्ट : सांध्याची ताकद आणि आखणी

लाकडाच्या दोन तुकड्यांतून आरपार गेलेला बोल्ट त्यांना आवळून धरतो आणि त्या आवळण्यामुळेच सांधा टिकतो, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती फार तर निम्मी खरी आहे. चाकी (नट) पिळली त्या दिवशी दोन्ही तुकडे एकमेकांवर घट्ट बसतात आणि त्यांच्यातले घर्षण काही भार उचलते. पण लाकूड वाळते, आकसते, सततच्या दाबाखाली हळूहळू दबते. एक-दोन उन्हाळे गेले की ही आवळ जवळजवळ संपलेली असते. पोलादी सांगाड्यात ठरावीक ताणापर्यंत पिळलेले बोल्ट वर्षानुवर्षे घर्षणावर भार पेलतात. लाकडात त्या घर्षणाचा हिशेबच धरता येत नाही. तिथे बोल्ट ही एक आडवी लोखंडी खुंटी असते. भार आला की एक तुकडा एकीकडे सरकू पाहतो, दुसरा दुसरीकडे, आणि मधला बोल्ट दोघांच्या भोकांच्या भिंतींवर टेकतो. भिंतीचे लाकूड किती दाब सोसते, बोल्ट कुठे वाकतो आणि भोकापासून टोकापर्यंत लाकूड किती शिल्लक आहे, या तीन गोष्टींवर सांध्याचे भवितव्य ठरते. चाकी किती जोराने पिळली, हा प्रश्न त्यात जवळपास येतच नाही.

गोंदिया जिल्ह्याच्या आग्नेय भागात, नागपूर–रायपूर महामार्गावर, छत्तीसगडच्या सीमेलगत असलेल्या देवरी तालुक्यात या विषयाचे सगळे घटक एकत्र सापडतात. आजूबाजूला पानझडी जंगल आहे. त्यात साग, ऐन, बिजा, धावडा, तिवस, हळदू, मोह अशी इमारती आणि अवजारी लाकडे आहेत. मातीच्या भिंती, लाकडी खांब, त्यांवर मयाल म्हणजे आडवी तुळई, त्यावर फाटे आणि वर कवेलू म्हणजे कौले, अशी घरे या भागात पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली. त्या घरांत बोल्ट नव्हता. खांबाच्या डोक्यावर कूस काढायची, मयालीत तिच्या मापाची खाच पाडायची, गरज पडली तर आडवी लाकडी खुंटी ठोकायची, की सांधा पुरा झाला. बैलबंडीही अशीच बनत असे. धावड्याची आस आणि तिवसाचे भाग निवडण्यामागे कोणते लाकूड कुठला मार सोसते याचे पक्के ज्ञान होते.

खाच आणि कूस यांचे हे शास्त्र दाबाच्या भाराला उत्तम आहे. वरून ओझे आले की लाकूड लाकडावर बसते आणि सांधा अधिकच घट्ट होतो. ताणापुढे मात्र ते लंगडे पडते. दोन तुकडे एकमेकांपासून ओढले गेले तर कूस खाचेतून निघू पाहते, आणि तिला अडवणारी एकटी खुंटी असते. भिंती-खांबांच्या घरात असा ताण फारसा येत नाही, म्हणून बोल्टची गरजही पडली नाही. ती पडली कैचीमुळे. शाळा, गोदामे, सरकारी बंगले, धानाच्या गिरण्या अशा रुंद छपराच्या इमारतींना मधे खांब नको होते. दोन तिरपे दांडे, खालचा आडवा दांडा आणि मधला उभा दांडा मिळून होणाऱ्या कैचीने ती सोय केली. कैचीत छपराचे ओझे तिरप्या दांड्यांचे पाय बाहेर ढकलते आणि खालचा आडवा दांडा त्यांना ओढून धरतो. म्हणजे तो दांडा आयुष्यभर ताणात असतो. सहा मीटरचा अखंड सरळ साग दर वेळी मिळत नाही, दोन तुकडे जोडावे लागतात, आणि त्या जोडाला कूस पुरत नाही. लोखंडी पट्टी आणि बोल्ट लाकडी बांधकामात शिरले ते या जागी.

कैचीच्या पायाशी, जिथे तिरपा दांडा आडव्याला भेटतो तिथे, जुन्या कारागिरांनी एक शहाणपणाची वाटणी केली होती. तिरप्या दांड्याचा दाब आडव्यात कोरलेल्या खाचेवर घ्यायचा आणि बोल्टने फक्त दोघांना जागेवर धरून ठेवायचे. ही वाटणी आजही योग्य आहे. भार अर्धा खाच घेईल आणि अर्धा बोल्ट, असा हिशेब मात्र कागदावरच राहतो. खाच ताठ असते. बोल्टच्या भोकात मुळात थोडी सैल जागा असते, शिवाय लाकूड थोडे दबल्याखेरीज बोल्ट भार घेतच नाही. त्यामुळे खाच निकामी होईपर्यंत बोल्ट जवळजवळ रिकामा बसतो, आणि ती निकामी झाली की सगळे ओझे एकदम त्याच्यावर येते. एका सांध्यात दोन वेगळ्या ताठरपणाच्या जोडण्यांची बेरीज करू नये, हा नियम खिळे आणि बोल्ट एकत्र वापरतानाही तितकाच लागू आहे.

भोकाच्या भिंतीचे लाकूड किती दाब सोसेल, हे मुख्यतः त्याच्या घनतेवर ठरते. साग वाळल्यावर घनमीटरला साधारण ६५० किलो भरतो, बिजा ८०० च्या आसपास, ऐन त्याहूनही जड. भारतीय लाकडांची अशी मापे पद्धतशीरपणे घेण्याचे काम डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत झाले. ही संस्था १९०६ साली स्थापन झाली. तिथे व्ही. डी. लिमये यांनी भारतात वाढणाऱ्या लाकडांचे भौतिक आणि यांत्रिक गुणधर्म १९३३ साली ‘इंडियन फॉरेस्ट रेकॉर्ड्स’मध्ये प्रसिद्ध केले. पुढे भारतीय लाकडांच्या तुलनेसाठी त्याच संस्थेने सागाला शंभर गुण धरले आणि बाकी प्रत्येक जातीचे वजन, ताकद, ताठरपणा, आकसणे हे सागाच्या शेकड्यात मांडले. देवरीच्या सुताराला ही मोजणी परकी वाटण्याचे कारण नाही, कारण तोही प्रत्येक लाकूड सागाशीच ताडून पाहतो. फक्त एक सावधगिरी हवी. सागाची किंमत त्याच्या टिकाऊपणात आणि कमी आकसण्यात आहे. निव्वळ दाब सोसण्यात ऐन आणि बिजा त्याच्या पुढे जातात. स्वस्त म्हणून ऐन वापरला तर बोल्टखालची ताकद वाढते. त्याचे वळणे, तडकणे हा मात्र वेगळा जाच आहे.

घनतेइतकीच महत्त्वाची आहे ती धाग्याची दिशा. लाकडाचे तंतू खोडाच्या लांबीने धावतात. बोल्ट धाग्याच्या दिशेने रेटला तर तंतू टोकावर दाब घेतात आणि पुष्कळ सोसतात. आडवा रेटला तर ते कुशीवर दबतात आणि लवकर हार मानतात. या दोन टोकांच्या मधल्या कोनांसाठी अमेरिकेत विमानांच्या स्प्रूस लाकडावर प्रयोग करून हॅन्किन्सन यांनी १९२१ साली एक सूत्र दिले. ते आजही जगभर वापरले जाते. समजा, एखाद्या लाकडाची ताकद धाग्याच्या दिशेने ४० आणि आडवी २० आहे. साध्या सरासरीने ४५ अंशांवर ३० यायला हवेत; सूत्राने येतात २६.७. कोन वाढू लागला की ताकद सरासरीपेक्षा लवकर घसरते. कवेलूच्या छपराचा उतार ३० अंशांच्या आसपास असतो आणि त्या कोनावर उत्तर येते ३२. म्हणजे तिरप्या दांड्याचा बोल्ट आडव्या दांड्यातल्या लाकडावर तिरका रेटतो, एवढ्यानेच त्या बाजूची ताकद एक पंचमांशाने घटते. दांड्याचा धागा मुळातच वाकडा असेल, गाठीभोवती फिरला असेल, तर घट आणखी. म्हणून गाठ असलेल्या जागी बोल्टचे भोक पाडू नये. फळी कितीही सुंदर असली तरी.

आता बोल्टकडे. जाड लाकडात बारीक बोल्ट आणि पातळ लाकडात जाड बोल्ट हे दोन अगदी वेगळ्या रीतीने मोडणारे सांधे आहेत. पातळ फळीत जाड बोल्ट सरळच राहतो आणि त्याच्याखालचे लाकूड सगळ्या जाडीभर एकसारखे चिरडते. फळी जाड होत गेली की बोल्ट वाकू लागतो. मग दाब जोडाच्या फटीजवळ साठतो आणि लांबच्या भागातले लाकूड रिकामे राहते. अमेरिकेतल्या मॅडिसन येथील वनोत्पादन प्रयोगशाळेत जॉर्ज ट्रेयर यांनी असंख्य सांधे मोडून पाहिले आणि लाकडाची जाडी व बोल्टचा व्यास यांच्या गुणोत्तरानुसार ताकद कशी घटते, याचे निष्कर्ष १९३२ साली मांडले. इमारती लाकडाच्या भारतीय मानक संहितेतील बोल्टची कोष्टकेही याच वळणाची आहेत. लाकडाच्या मान्य दाबाचा किती टक्के भाग धरायचा, ते जाडी भागिले व्यास या आकड्यावरून काढायचे.

ट्रेयर यांनी प्रयोगातून जे टिपले त्याचे कारण डेन्मार्कचे के. डब्ल्यू. योहान्सन यांनी १९४० च्या दशकात उलगडले. बोल्ट लोखंडाचा असल्याने एका मर्यादेनंतर तो जागच्या जागी कायमचा वाकतो, आणि लाकूडही एका मर्यादेनंतर तितक्याच दाबाने दबत राहते. हे दोन्ही गृहीत धरले की सांधा किती प्रकारे मोडू शकतो ते मोजता येते. एक, लाकूडच चिरडते आणि बोल्ट सरळ राहतो. दोन, बोल्टला फटीजवळ एक वाक पडतो. तीन, फटीच्या दोन्ही बाजूंना लाकडाच्या आत वाक पडतात. प्रत्येक प्रकाराला लागणारा भार काढायचा आणि सर्वांत लहान तो खरा. अमेरिकी लाकूड-संहितेने ही पद्धत १९९१ मध्ये घेतली, युरोपची संहिताही तिच्यावरच उभी आहे. गणित फार अवघड नाही. पण त्याने एक जुनी भीती खोटी ठरवली.

ती भीती म्हणजे बोल्ट तुटेल अशी. उदाहरण घेऊ. ७५ मिलिमीटर जाडीचा सागाचा दांडा, दोन्ही बाजूंनी ४० मिलिमीटरच्या फळ्या, मधून १२ मिलिमीटरचा साधा नरम पोलादाचा बोल्ट. सागाची घनता जरा हात राखून ५५० किलो धरली तर युरोपीय सूत्राने लाकूड चौरस मिलिमीटरला सुमारे ४० न्यूटन दाब सोसते. सगळे प्रकार तपासले की सर्वांत लहान आकडा येतो तो बोल्टला एक वाक पडण्याचा, दर फटीला ८.६ किलोन्यूटन. फटी दोन, म्हणून बोल्टमागे सुमारे १७ किलोन्यूटन, ढोबळ मानाने पावणेदोन टन. तोच बोल्ट फटीवर कात्रीसारखा कापला जायचा तर दर फटीला २० किलोन्यूटन लागतील. म्हणजे बोल्ट तुटण्याच्या निम्म्याहून कमी भाराला सांधा आपली हद्द गाठतो. जास्त ताकदीचा महागडा बोल्ट आणून फार फरक पडत नाही, तो यामुळेच.

मग बोल्ट जाड केला तर? १२ ऐवजी १६ मिलिमीटरचा घातला की त्याची वाकण्याला विरोध करण्याची क्षमता दुपटीहून वाढते. सांध्याची ताकद मात्र ८.६ वरून १२.३ पर्यंतच जाते, सुमारे चाळीस टक्क्यांची वाढ. आणि त्यासाठी सगळी अंतरे एक तृतीयांशाने वाढवावी लागतात. ती वाढवायला दांडा लांब किंवा रुंद नसेल तर जाड बोल्टने सांधा दुबळा होतो. शिवाय जाड बोल्ट वाकत नाही, तो थेट लाकूड फाडतो. बारीक बोल्ट आधी वाकतो, सांधा थोडा सरकतो, छपराची रेघ झुकलेली दिसते आणि टेकू लावायला वेळ मिळतो. हा गुण ताकदीच्या कोणत्याही आकड्यात उतरत नाही. पण जाड लाकडात १२ मिलिमीटरचे जास्त बोल्ट हे १६ किंवा २० मिलिमीटरच्या थोड्या बोल्टांपेक्षा बहुतेक वेळा बरे, असा कौल द्यायला तो पुरेसा आहे.

अंतरांच्या बाबतीत सर्वांत जास्त चुका होतात, आणि त्या काटकसरीतून होतात. दांड्याच्या टोकापासून पहिला बोल्ट किती आत हवा? ताणातल्या दांड्यात संहिता सूचिपर्णी झाडांच्या मऊ लाकडासाठी व्यासाच्या सातपट आणि साग-ऐनासारख्या रुंदपर्णी झाडांच्या कठीण लाकडासाठी पाचपट अंतर सांगतात. दाबातल्या दांड्यात चारपट चालते. एका ओळीतल्या दोन बोल्टांमध्ये चारपट, कडेपासून दीडपट. आडवा भार कडेच्या दिशेने रेटत असेल तर त्या कडेपासून चारपट. १२ मिलिमीटरच्या बोल्टला टोकाचे अंतर कठीण लाकडात ६० मिलिमीटर येते. हे किमान आहे, लक्ष्य नव्हे. सागाचा धागा सरळ असतो, म्हणून तो गुळगुळीत रंधला जातो, आणि म्हणूनच धाग्याने सहज चिरतोही. पुस्तकात तो कठीण लाकडात मोडत असला तरी ताणाच्या सांध्यात सातपट म्हणजे ८४ मिलिमीटर सोडणे शहाणपणाचे. जादा लागते ते इंचभर लाकूड.

टोक अपुरे पडले तर सांधा चिरडून मोडत नाही, फुटून मोडतो. भार वाढत असताना बोल्ट पाचरीसारखा तंतू बाजूला सारतो. भोकापासून टोकापर्यंत एक चीर धावते, किंवा बोल्टच्या रुंदीचा लाकडाचा ठोकळाच टोकातून बाहेर सरकतो. दोन्ही प्रकार एका क्षणात होतात, इशारा देत नाहीत. योहान्सन यांचे सगळे गणित लाकूड फुटणार नाही या गृहीतावर उभे आहे. ते गृहीत सांभाळण्याचे काम अंतरांचे. म्हणून एखाद्याने बोल्टचा व्यास दोन दशांशांपर्यंत मोजून काढला आणि टोकाचे अंतर डोळ्याने ठरवले, तर त्याने उलटी मेहनत केली असे म्हणावे लागेल.

ओळीत बोल्ट वाढवले की ताकद त्या पटीत वाढते, हाही असाच एक भ्रम. भार ओळीत सारखा वाटला जात नाही. टोकांकडचे बोल्ट आधी आणि जास्त घेतात, मधले मागे राहतात. भोके जराशी मागेपुढे असली तर आणखीच. चार बोल्ट एका ओळीत, दोन बोल्टांमध्ये व्यासाच्या पाचपट अंतर ठेवून बसवले तर युरोपीय संहिता त्यांना पावणेतीन बोल्ट मानते. चारांचे दाम आणि पावणेतिनांचे काम. अंतर वाढवले की हा आकडा सुधारतो. एका ओळीऐवजी दोन ओळींत दोन-दोन केले की तो तीनच्या जवळ जातो.

सहा मीटर अंतर पार करणारी एक कैची या हिशेबाने पाहण्यासारखी आहे. अडीच मीटरवर एक कैची, ३० अंशांचा उतार, कवेलू आणि लाकडाचे वजन चौरस मीटरला सुमारे १ किलोन्यूटन, वर माणसांच्या वावरासाठी ०.४ धरले, तर एका कैचीवर २१ किलोन्यूटन येतात आणि खालच्या दांड्यात १४ किलोन्यूटनच्या आतबाहेर ओढ बसते. सुरक्षिततेसाठी दीडपट धरली की २० च्या पुढे. दुसऱ्या बाजूला बोल्टचे १७ किलोन्यूटन तसेच धरता येत नाहीत. दीर्घकाळ राहणाऱ्या भाराखाली लाकूड थोडक्या वेळच्या चाचणीपेक्षा बरेच कमी सोसते. कायमच्या ओझ्याला ते साधारण साठ टक्के धरतात. लाकडाच्या गुणातील फरकांसाठी आणखी भागाकार करावा लागतो. या सगळ्यानंतर बोल्टमागे आठेक किलोन्यूटन उरतात. जोडाच्या प्रत्येक बाजूला दोन बोल्ट पुरत नाहीत. दोन ओळींत चार बसवले की सुमारे २३ मिळतात आणि भागते. लांबी वाढवण्याच्या जोडात किमान चार बोल्ट हवेत, असे भारतीय संहिताही म्हणते. बोल्टची भारतीय कोष्टके आणि नियम इमारती लाकडाच्या १९९४ च्या आणि नंतर सुधारलेल्या मानक संहितेत, बोल्ट-सांध्यांच्या १९८४ च्या स्वतंत्र संहितेत आणि २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेच्या सहाव्या भागात मिळतात. बांबूचे प्रकरण तिथे वेगळे आहे आणि ते वेगळेच असायला हवे. पोकळ पेराला बोल्टचा नियम लावता येत नाही.

इथवरचे सारे शास्त्र डेन्मार्कमध्ये आणि देवरीत सारखेच. वेगळी आहे ती हवा. पूर्व विदर्भात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या बराच वर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. जुलै-ऑगस्टमध्ये आठवडेच्या आठवडे भिंतींना ओल असते. छपराखालचे लाकूड हवेशी समतोल साधत उन्हाळ्यात सहा-सात टक्के ओलाव्यापर्यंत उतरते आणि पावसाळ्यात पंधरा-सोळाच्या पुढे चढते. जाड लाकडात हा बदल मंद आणि कमी, पण दर वर्षी होणारा. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत आकसते. साग या बाबतीत सौम्य असूनही ओलावा एक टक्का उतरला की रुंदीत सुमारे ०.२ टक्के कमी होतो. दहा टक्क्यांच्या फरकाला १५० मिलिमीटर रुंदीचा दांडा ३ मिलिमीटरने बारीक होतो. ऐन याहून जास्त.

आता त्याच दांड्याला लोखंडी पट्टी लावली, आणि पट्टीत बोल्टांच्या दोन ओळी १०० मिलिमीटर अंतरावर ठेवल्या. लाकडाला तेवढ्यात २ मिलिमीटर आकसायचे आहे, लोखंडाला नाही. भोकातली एखाद मिलिमीटरची ढिलाई संपली की लाकूड ताणले जाते आणि बोल्टांच्या ओळीतून लांबलचक तडकते, तेही भार न येता. जुन्या इमारतींच्या कैच्यांत पट्टीखाली अशी सरळ चीर दिसली तर तिचे खापर बहुधा ओझ्यावर फोडले जाते. खरा दोष ओल्या लाकडावर रुंद पट्टी ठोकणाऱ्याचा असतो. अमेरिकी संहिता एका अखंड पट्टीत बाहेरच्या ओळींमधले अंतर पाच इंचांवर जाऊ देत नाही. वर्षाकाठी एवढा चढउतार सोसणाऱ्या प्रदेशात, आणि लाकूड पुरते वाळले असेलच असे नसताना, तीन इंच ही हद्द ठेवणे बरे. त्याहून रुंद सांधा हवाच असेल तर दोन ओळींना दोन वेगळ्या पट्ट्या द्याव्यात, किंवा एका ओळीची भोके पट्टीत आडवी लांबट करावीत. लाकडाच्या फळ्यांनीच जोड केला तर दोघेही सोबत आकसतात आणि हा प्रश्न पुष्कळ सौम्य होतो. लोखंडी पट्टी दिसायला मजबूत वाटते म्हणून ती निवडण्याची सवय या हवेत महागात पडते.

अर्थात पहिला उपाय लाकूड वाळवण्याचा. जाड तुळई सावलीत, खाली-वर हवा खेळेल अशी रचून वर्षभर तरी ठेवायला हवी. बांधकामाची घाई एवढी वाट पाहू देत नाही. तेव्हा निदान सांध्यांची आखणी लाकूड अजून आकसणार आहे हे धरून करावी.

भोक पाडण्यात कारागिराची कसोटी लागते. ते बोल्टपेक्षा फार तर १ मिलिमीटर मोठे असावे. तिन्ही तुकडे एकत्र बांधून, गिरमिट एकाच वेळी आरपार न्यावे. वेगवेगळे पाडलेले भोक जुळले नाही की ते कोरून मोठे केले जाते आणि त्या एका बोल्टचा भार बाकीच्यांवर जातो. भोक फार घट्ट असेल तर बोल्ट ठोकतानाच लाकूड चिरते. सैल असेल तर प्रत्येक सांधा थोडा सरकतो, आणि कैचीतल्या अनेक सांध्यांचे सरकणे मिळून छपराच्या मधोमध झोळ दिसू लागतो. भोकाची आतली भिंत गुळगुळीत हवी. बोथट पात्याने फाडलेल्या भिंतीचे तंतू आधीच मोडलेले असतात आणि पहिल्या भारालाच दबतात.

वायसर ही दुर्लक्षित वस्तू. दुकानात १२ मिलिमीटरच्या बोल्टसोबत मिळणारी गोल वायसर २४ मिलिमीटरची असते. ती यंत्रांसाठी आहे. लाकडात ती चाकी पिळतानाच रुतते. लाकडासाठी वायसरची बाजू व्यासाच्या तिप्पट आणि जाडी व्यासाच्या तीन दशांश असावी, म्हणजे ३६ मिलिमीटरची चौकोनी, ४ मिलिमीटर जाड पत्ती. भोक वजा करून पाहिले तर तिचे टेकण्याचे क्षेत्र दुकानी वायसरच्या साडेतीनपटीहून जास्त भरते. अशी पत्ती लोहार कोणत्याही भंगार पट्टीतून कापून देऊ शकतो. तिचा दुसरा फायदा असा, की बोल्ट वाकू लागल्यावर तो दोराप्रमाणे ताणला जातो आणि रुंद वायसर त्या ताणाला धरून ठेवते. सांध्याला शेवटची जादा ताकद मिळते ती तिथून.

लोखंड आणि ओले लाकूड यांचे वैरही जुने. ऐनासारख्या टॅनिनयुक्त लाकडात लोखंडाभोवती निळसर काळा डाग उठतो. ओलावा टिकून राहिला तर बोल्ट झिजतो आणि भोकाभोवतीचे लाकूडही कुजकट होते. सागाच्या अंगच्या तेलामुळे त्यातले लोखंड तुलनेने सुरक्षित राहते. जहाजबांधणीत सागाला जो मान होता त्यामागे हेही एक कारण होते. १८१७ साली मुंबईत वाडियांच्या गोदीत मलबारी सागातून बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगत आहे. पण सागाचा हा गुण गाभ्याचा. बाहेरच्या फिकट रसकाष्ठाला वाळवीही लागते आणि बुरशीही. बोल्टचे भोक रसकाष्ठात पडत असेल तर दांडा फिरवून घ्यावा. छपराच्या पन्हाळीजवळचे, पडवीचे, न्हाणीवरचे बोल्ट जस्त चढवलेले असावेत. आगीत बोल्ट उष्णता लाकडाच्या पोटात नेतो आणि भोकाची भिंत आतून कोळसते. म्हणून चुलीच्या धुराड्यालगतच्या सांध्यात बोल्टची डोकी लाकडात बुडवून वर लाकडी डट्टा बसवण्याची पद्धत उपयोगी पडते.

जुन्या कैचीची तपासणी करताना आधी तिचा पाया पाहावा, जिथे दांडा भिंतीत शिरतो. ओल तिथे साठते आणि वाळवी तिथून चढते. नंतर खालच्या दांड्याचा जोड पाहावा. बोल्टच्या ओळीतून चीर गेली आहे का, भोक लांबट झाले आहे का, टोकाचा ठोकळा सरकला आहे का, हे टॉर्च आणि पटाशीच्या टोकाने कळते. फटीत पातळ पाते शिरले म्हणजे जोड निकामी झाला असे नाही. लाकूड वाळल्याची ती नेहमीची खूण आहे. चीर टोकापर्यंत पोचली असेल तर मात्र नव्या बोल्टने काही साधत नाही. तिथे दोन्ही बाजूंना वाळलेल्या लाकडाच्या लांब फळ्या लावून, जुन्या भोकांपासून दूर, नव्या अंतरांवर बोल्ट घ्यावे लागतात आणि ते काम होईपर्यंत कैचीला खालून टेकू द्यावा लागतो. नव्या इमारतीत पहिली दोन वर्षे उन्हाळ्याच्या अखेरीस, लाकूड सर्वांत बारीक झालेले असताना, प्रत्येक चाकी पान्याने एकदा फिरवून बसती करावी, ताकदीसाठी नव्हे तर आकसण्याने पडलेली फट मिटवण्यासाठी. बोल्टचे टोक त्यासाठी चाकीबाहेर दोन-तीन आटे सोडून कापलेले असावे आणि सांधा फळ्यांनी किंवा छताने कायमचा झाकलेला नसावा.